हेमराजरावांनी लाल गाडीस सुपरचार्जर पसंत केला आणि कोंडाईबारीचा घाट सर केला त्याची हकीकत

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

लिंबायत, उधना आणि डिंडोली या तिन्ही पुऱ्यांतील समस्त खानदेशकर मंडळींनी एकमते फर्माविले की, लाल गाडीच्या मोहिमेविषयी चहाच्या टपरीवर नाना वावड्या उठतात, कोणी म्हणतो गाडी उडाली, कोणी म्हणतो फुटली, तरी जे घडले ते यथास्थित, पदरचे काही न घालता, लिहून ठेवावे. आज्ञा शिरसावंद्य मानून लिहिले आहे. पदरचे घातलेले नाही. जेथे घातले आहे तेथे गरज होती.

शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, चैत्र मास, मुक्काम सुरत. तेसमयी लिंबायतेत राजमान्य राजश्री हेमराजराव पाटील, यंत्रविद्याविशारद, पानापक्कडबहाद्दर, नांदत होते. मूळ मुलूख खानदेश, चाकरी पलसाण्यास एका प्रोसेस हाउसात, म्हणजे जेथे कोऱ्या कापडास रंग देऊन साड्या करितात तेथे, हुद्दा फिटर. मिलच्या शेठजींच्या धाकट्या चिरंजीवांनी हौसेखातर एक विलायती स्पोर्ट्सकार आणिली होती. रंग लाल, आसने दोन, छप्पर कापडी, आणि बॉनेट इतके दीर्घ की चालविणारा उधन्यास असता नंबरप्लेट चलथाणास पोहोचलेली असे. मग चिरंजीव परदेशी गेले आणि गाडी गोदामात राहिली, आणि तिचे मूळ इंजिन कोणी लांबविले ते अद्याप उघड नाही, आणि चार वर्षे तिजवर कापडाच्या गाठी रचल्या गेल्या, आणि अखेर शेठजींनी हेमराजरावांस फर्माविले, "लई जाओ ने भाई, जग्या तो खाली थाय." या फर्मानाचा मतलब एवढाच की, एकदाची जागा रिकामी होऊ दे, परंतु हेमराजरावांनी तो गाडी इनाम मिळाली ऐसा घेतला, आणि उभय पक्ष संतुष्ट जाहले.

मग हेमराजरावांनी त्या गाडीत एका छोट्या घरगुती मोटारीचे आठशे सीसीचे इंजिन बसविले. पैलवानाच्या छातीत चिमणीचे काळीज घातल्याप्रमाणे प्रकार जाहला. सपाटीवर गाडी दिमाखाने चाले, परंतु चढ दिसताच तिचा धीर सुटे, आणि रेल्वेच्या पुलावर पोरे सायकलीवरून तिच्या पुढे जात आणि जाताना वळून पाहत.

येथवर कोणाचे काही बिघडले नव्हते. बिघडले ते मागील साली आखाजीस. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खानदेशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडास झोके बांधतात, आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत कोणाची अब्रू जाईल याचा नेम नसतो. हेमराजरावांच्या कुटुंब सौभाग्यवती सुंदराबाईसाहेब यांचे माहेर साक्रीनजीक. मागील साली हेमराजराव त्यांस लाल गाडीत बसवून वाजतगाजत निघाले, आणि विसरवाडीपुढे कोंडाईबारीच्या घाटात दुसऱ्या वळणावर गाडीने हत्यार टाकले. मग बाईसाहेब कांद्याच्या ट्रॅक्टरवर, कांद्याच्या ढिगावर, नवी पैठणी नेसून माहेरी दाखल जाहल्या. त्यांच्या भावजय अनुसयाबाई, ज्यांच्या जिभेस त्या पंचक्रोशीत तोड नाही, यांनी तत्क्षणी झोक्यावर बसून नवी ओळ रचिली:

"जवाईनी गाडी लाल व माय, लेक उनी कांदासवर!"

ही ओळ तीन दिवस गायिली गेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या बायाही गात होत्या, आणि त्यांस चाल अधिक चांगली जमली होती.

या कारणे यंदा चैत्रातच सुंदराबाईसाहेबांनी चुलीपुढे बसून हुकूम काढिला. हुकूम त्यांच्या घरच्या अहिराणीत होता तो जसाच्या तसा येणेप्रमाणे: "यंदा मी गाडीम्हा बससू. पन गाडी घाटम्हा थांबनी ना, तं जी पहिली एसटी दिखी तिम्हा मी चढसू. आन तुम्ही तठूनच माघारी फिरा. मना माहेरले तोंड दाखाडू नका."

हेमराजरावांनी भाकरीचा तुकडा तसाच हाती धरिला. आखाजीस सासुरवाडीत जावई नाही, याहून मोठी नामुष्की खानदेशकरास ठाऊक नाही. मग त्यांनी पाणी प्राशन केले आणि म्हणाले, "चढी. गाडी चढी."

कशाने चढेल ते त्यांस ठाऊक नव्हते.

शेजारच्या चाळीत पराग देवधर म्हणोन एक गृहस्थ राहत. हे बँकेत नोकरीस असोन सायन्सचे पदवीधर होते, इंग्रजी मोटारमासिके वाचीत, आणि स्वतः सायकल वापरीत. हेमराजराव त्यांच्या दारी गेले आणि त्यांनी अडचण सांगितली, आणि परागपंडितांनी चष्मा पुसून निवाडा दिला की, यास उपाय एकच, सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे काय? तर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा, इंजिनाच्या नाकात जादा वारा कोंबणारा पंखा. वारा जादा, म्हणोन पेट्रोल जादा, म्हणोन जोर जादा.

"म्हणजे फुंकणी," हेमराजराव वदले.

"फुंकणी नव्हे, हेमराजभाऊ. शास्त्र आहे त्यात."

"चुलीत काय शास्त्र नसतं का, परागसाहेब?"

यावर पंडितांनी चष्मा पुन्हा पुसला आणि चहा आला.

मग मसलत बसली. मसलतीस हेमराजराव, परागपंडित, आणि हेमराजरावांचे मावसबंधू सुपडूराव, टेम्पोचे धनी, जे पलसाण्याहून रिंगरोडच्या कापडबाजारात साड्यांच्या गाठी वाहत आणि ज्यांच्या टेम्पोस आजतागायत कोणी ओव्हरटेक केले नव्हते, कारण ते मधोमध चालवीत. ठराव असा की तिघांनी तीन सुपरचार्जर हुडकून आणावे आणि परीक्षा घेऊन एक पसंत करावा. परीक्षा कशी घ्यावी यावर खल जाहला. पंडित म्हणाले, दाब मोजण्याचे उपकरण असते. उपकरण कोणापाशी नव्हते. मग सुपडूराव वदले, "टेन्शन नको लेऊ भो. बाजारात व्यापारी साडी हवेत सोडून पाहतो, कशी पडते त्यावरून माल ओळखतो. आपण उलटं करू. साडी तीच ठेवू, हवा ओळखू."

ही मसलत ऐकून हेमराजरावांचे डोळे भरून आले. वीस वर्षे कापडाच्या धंद्यात काढल्याचे सार्थक आज जाहले ऐसे त्यांस वाटले. 

चैत्र वद्य पक्षी, रविवारी, मिलच्या मागील अंगणात दरबार भरला. छपाईत फसलेली एक जॉर्जेट साडी, लांबी साडेपाच मीटर, मोरांच्या चोची एकीकडे आणि मोर दुसरीकडे ऐसी, उंच बांबूस बांधिली. मग उमेदवार पुढे बोलाविले.

पहिला उमेदवार परागपंडितांचा. तो विलायतेत होता. मागविल्यास बोटीने येई, मग बंदरात कस्टमवाले त्याचा मुक्काम लांबवीत, आणि इकडे आखाजी उलटून गणपती बसत. हाती होते ते मासिकातील त्याचे रंगीत चित्र. परीक्षा सर्वांस समान असावी हा हेमराजरावांचा बाणा, म्हणोन चित्र रीतसर साडीसमोर धरण्यात आले. साडी हलली नाही. चित्र नापास.

"अहो, हे चित्र आहे!" पंडित ओरडले.

"म्हणूनच तर पूर्ण एक मिनिट धरलं," हेमराजराव म्हणाले.

दुसरा उमेदवार हेमराजरावांनी स्वतः इच्छापोरच्या एका भंगारवाल्याकडून उसना आणिला होता. नारळाएवढे यंत्र, वर विलायती अक्षरे, आत दोन चकचकीत पाती. भंगारवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते, "असल माल छे भाई, पछी केता नई," म्हणजे माल अस्सल आहे, मागाहून सांगितले नाही म्हणू नका. परागपंडितांनी अक्षरे वाचली आणि मासिक उघडिले आणि पुन्हा अक्षरे वाचली, आणि त्यांनी यंत्र दोन्ही हातांनी धरिले. म्हणाले, "हेमराजभाऊ, हाच तो! खरा सुपरचार्जर! आपल्या इंजिनाच्या मापाचा! हा बसवा, डोळे मिटून बसवा!" मग यंत्रास मोटार जोडोन फिरविले. साडीचा पदर किंचित हलला, जैसा कोणी दुरून ओळखीचे दिसल्यावर मान हलवितो, आणि स्वस्थ जाहला.

सुपडूराव म्हणाले, "यानं तर घामबी वाळायचा नाही."

नापास. परागपंडित पिंपावर जाऊन बसले.

तिसरा उमेदवार सुपडूरावांनी शोधिला, आणि शोधण्यास लांब जावे लागले नाही, कारण तो अंगणातच पडला होता. मिलमध्ये रंगाचे सांडपाणी मोठ्या हौदात साठते, आणि ते सडू नये म्हणोन त्यात तळापासून हवा सोडावी लागते, आणि ती सोडणारा लोखंडी ब्लोअर शेठजींनी नवा घेतल्याने जुना भिंतीशी मोडीत टाकिला होता. वजन दोन माणसांचे, आवाज दोन मिलांचा. त्यास दहा घोड्यांची मोटार जोडिली आणि कळ दाबिली.

साडी आडवी जाहली. मग ताठ जाहली. मग बांबूसह हलू लागली, आणि गाठ सुटली, आणि साडेपाच मीटर जॉर्जेट आकाशमार्गे भिंत ओलांडून शेजारच्या मिलच्या अंगणात उतरले, जेथे सुपारी कातरीत बसलेल्या मुकादमाने ते वरून आलेले पाहून प्रथम हात जोडिले. दरबारात एकच जयघोष जाहला. हेमराजराव पुढे होऊन ब्लोअरास मिठी मारते जाहले. शेठजी गडबड ऐकोन बाहेर आले आणि त्यांनी आपले नेहमीचे फर्मान काढिले, जागा खाली करण्याचे.

पिंपावरून परागपंडितांनी एकच वाक्य उच्चारिले, "हा पंखा दहा घोडे खाईल." ते जयघोषात बुडाले. वास्तविक तेथेच मोहिमेचा निकाल लागला होता, परंतु तो ज्यास कळला होता त्याचे कोणी ऐकिले नाही.

मग ब्लोअर गाडीवर चढविण्याचे काम आठ दिवस चालिले. बॉनेट काढावे लागले. ब्लोअर इंजिनावर बैसला तेव्हा गाडीने पुढील दोन्ही चाकांवर नमस्कार घातला. मग पट्टा चढवून हेमराजरावांनी चावी फिरविली. इंजिनाने एक हुंकार दिला, ब्लोअरचे वजन ओळखिले, आणि मौन धरिले. पुन्हा चावी, पुन्हा मौन. ऐसे चौदा वेळा.

परागपंडित हळूच म्हणाले, "सुरू होताना आपल्याकडे चार घोडेसुद्धा जागे नसतात हो. तो दहा मागतोय."

आता दुसरा कोणी असता तर इच्छापोरास जाऊन नारळ घेऊन आला असता. परंतु नारळ साडीच्या परीक्षेत नापास जाहला होता, आणि परीक्षा म्हणजे परीक्षा. हेमराजरावांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढिला तो ऐसा: ब्लोअरास इंजिनाचा जोर पुरत नाही, तर ब्लोअरास स्वतःचे इंजिन द्यावे. विहिरीचे पाणी उपसण्याचे दहा घोड्यांचे डिझेल इंजिन एका नातलगाकडून आणिले. ते ठेवण्यास जागा एकच दिसली, डावे आसन. हेमराजराव पाना घेऊन आसनाचे बोल्ट काढू लागले, तो दारात सुंदराबाईसाहेब उभ्या.

"आन मी कठे बससू?"

हेमराजरावांनी पाहिले डिझेल इंजिनाकडे, मग आसनाकडे. ज्यांस सन्मानाने नेण्यासाठी मोहीम मांडिली त्यांसच मोहिमेत जागा उरली नव्हती.

"तू यावर बस," ते इंजिन दाखवून म्हणाले.

"कांदा बरा व्हता," बाईसाहेब म्हणाल्या आणि आत गेल्या. बोल्ट जागच्या जागी पुन्हा आवळण्यात आले.

मग सुपडूरावांचा टेम्पो मोहिमेत सामील जाहला. डिझेल इंजिन आणि ब्लोअर टेम्पोच्या हौद्यात बसविले, आणि मिलची चाळीस फुटी रबरी नळी घेऊन एक तोंड ब्लोअरास आणि दुसरे लाल गाडीच्या इंजिनास जोडिले. टेम्पो मागे असावा की पुढे यावर वाद जाहला. सुपडूराव म्हणाले की, त्यांचा टेम्पो कोणाच्या मागून जात नाही, आणि शिवाय गाडीचे नाक पुढे आहे, वारा नाकास द्यावयाचा की शेपटास? हे शास्त्रास धरून होते. मग नळी रस्त्यात ताणून निसटू नये एवढ्याच कारणे हेमराजरावांनी टेम्पोच्या मागील हुकापासून गाडीच्या पुढील हुकापर्यंत बोटाएवढी जाड पोलादी तार बांधिली, आणि ती नळीपेक्षा दोन वीत आखूड ठेविली. तारेचे काम नळीचे रक्षण, दुसरे काही नाही, ऐसे त्यांनी परागपंडितांस दोनदा सांगितले. परागपंडितांनी तारेकडे पाहिले, मग आकाशाकडे, आणि टेम्पोत ब्लोअरशेजारी बसण्याचे कबूल केले.

वैशाख शुद्ध द्वितीयेस पहाट फुटता कूच जाहले. पुढे टेम्पो, त्यात गर्जणारा ब्लोअर आणि कानांत कापूस घातलेले पंडित, मागे नळी, मागे बॉनेटविरहित लाल गाडी, त्यात हेमराजराव गॉगल लावोन आणि सुंदराबाईसाहेब डोईस पदर बांधोन. चलथाणास साखर कारखान्याचे कामगार रस्त्यावर आले. बारडोलीस एका म्हाताऱ्याने विचारिले की, पुढील गाडी मागील गाडीस सलाइन देत आहे काय. व्यारा, सोनगढ, नवापूर ही ठाणी विनासायास मागे पडली, आणि सपाटीवर तार ढिली असोन गाडी आपल्या बळे, शिवाय वाऱ्याने, झोकात चालत होती, आणि हेमराजराव गुणगुणत होते.

दोन प्रहरी कोंडाईबारीचा घाट लागला.

पहिल्या वळणास गाडीने घरघर वाढविली. दुसरे वळण आले, जेथे मागील साली शिकस्त जाहली होती. हेमराजरावांनी दात आवळिले आणि पाय तळापर्यंत दाबिला, आणि गाडी चढू लागली, चढू लागली, आणि दुसरे वळण मागे पडले! हेमराजराव ओरडले, "चढनी! सुंदरा, चढनी!" आणि तेवढ्यात टेम्पोतील डिझेल इंजिन फटफट करून बंद पडले. ब्लोअर मुका जाहला. नळी लोंबू लागली. वारा संपला.

गाडी चढतच होती.

हेमराजरावांनी नळीकडे पाहिले. मग तारेकडे. तार तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे ताठ होती. मग त्यांनी हळूच पाय उचलिला. पूर्ण उचलिला. गाडीच्या वेगात तसूभर फरक पडला नाही. त्यांनी गॉगल काढिला आणि मांडीवर ठेविला.

सुंदराबाईसाहेबही तारेकडेच पाहत होत्या. किती वेळापासून ते त्यांनी आजवर कोणास सांगितलेले नाही.

"पाय ठेवा," त्या म्हणाल्या.

"काय उपेग?"

"घरघर होऊ द्या. वर टपरीवर मानसं शेतस."

हेमराजरावांनी पाय ठेविला आणि गाडीने मोठी घरघर केली, आणि ऐशा थाटात फौज घाटमाथ्यास पोहोचली.

माथ्यावर साक्रीस जाणारी एसटी उभी होती, कंडक्टर चहा घेत होता. हेमराजराव गाडीतून उतरले. ते फिटर होते. बोल्ट बसला नसता बसला म्हणणे हे त्यांच्याने कधी जाहले नाही. त्यांनी बाईसाहेबांची पिशवी उचलिली आणि एसटीच्या पायरीवर नेऊन ठेविली, आणि माघारी येऊन मान खाली घालोन म्हणाले, "सुंदरा, गाडी चढनी नही. सुपडूनी चढावी. तू सांगेल व्हतं तसं कर. मी आठूनच फिरस."

टेम्पोतून पंडित आणि सुपडूराव हे पाहत होते. सुपडूरावांनी प्रथमच आपला टेम्पो रस्त्याच्या कडेस घेतला होता.

कंडक्टर म्हणाला, "बाई, यायचं का? सीट आहे."

सुंदराबाईसाहेब गाडीतून उतरल्या, आणि एसटीपाशी गेल्या, आणि पिशवी उचलिली, आणि परत येऊन लाल गाडीत आपल्या आसनावर बसल्या, आणि पिशवी मांडीवर घेतली.

"मी काय म्हनेल व्हती? गाडी थांबनी तं. थांबनी का गाडी?"

"नही, पन..."

"मंग बसा. आन गॉगल लावा."

कंडक्टरने डबल बेल दिली. हेमराजरावांनी गॉगल लावण्यापूर्वी डोळे पुसले. घाटात धूळ फार होती.

मग परागपंडितांनी सुचविले की, पुढे सपाटी आहे, नळी सोडून टाकू आणि गाडी एकटीच दिमाखात गावात शिरू दे. हेमराजरावांस ते पटले. परंतु बाईसाहेबांनी हुकूम केला की नळी तशीच राहील, टेम्पो पुढेच चालेल, आणि डिझेल भरून ब्लोअर गावाच्या शिवेपासून सुरू करावा. कारण विचारण्याची कोणाची छाती जाहली नाही.

दिवस मावळण्यापूर्वी दोन घटका फौज गावात शिरली. झोक्यावरच्या बाया उतरून धावल्या. ब्लोअरच्या गर्जनेने निंबाच्या झाडावरची पाखरे उडाली, आणि अनुसयाबाई सर्वांच्या पुढे येऊन, कमरेस हात लावोन, टेम्पो, नळी आणि गाडी ऐसे क्रमाने न्याहाळू लागल्या. मग सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात त्यांनी तोफ डागिली, "व माय! तो टेम्पो तुम्हनी गाडीले ओढत व्हता का व?"

 हेमराजरावांनी स्टिअरिंग घट्ट धरिले. सुपडूरावांनी ब्लोअर बंद केला, त्यामुळे उत्तर सर्वांस स्पष्ट ऐकू आले.

सुंदराबाईसाहेब सावकाश उतरल्या, निऱ्या नीट केल्या आणि म्हणाल्या, "ओढत नही व्हता, वहिनी. वारा घालत व्हता. मोठा मानूसना पुढे चवरी ढाळनारा चालतस. तुम्हना घर कोनी उनं नही तसं, म्हनीसन तुम्हले माहीत नही."

बाया हसल्या. अनुसयाबाईंनी तोंड उघडिले, आणि प्रत्युत्तर न सापडल्याने, उघडिलेच होते म्हणोन, "या, पाणी घ्या," ऐसे म्हणाल्या. जावयास पाट मांडिला गेला. सुंदराबाईसाहेब झोक्यावर बसल्या आणि दुसऱ्या दिवशी, आखाजीस, गावभर जी ओळ गायिली गेली तीत पुढे चवरी आणि मागे जवाई होते.

येणेप्रमाणे कोंडाईबारीची मोहीम फत्ते जाहली. लाल गाडीस सुपरचार्जर पसंत करण्याचे काम पूर्ण जाहले असोन पसंत जाहलेल्या सुपरचार्जराचे नाव सुपडूरावांचा टेम्पो ऐसे दफ्तरी नोंदिले आहे. गाडी घाट चढली, हे सौभाग्यवती सुंदराबाईसाहेबांच्या साक्षीने कायम केले आहे आणि त्यावर फेरतपास नाही. तारेचा उल्लेख या हकीकतीत कोठेही करू नये ऐसी त्यांची सक्त ताकीद आहे. म्हणोन तो केलेला नाही.